उशाशी बसणारी माणसे



३० सप्टेंबर २०२४. दुपारचा दीड वाजून गेला होता. सकाळच्या वेळेतील शेवटचे दोन-तीन रुग्ण तपासायचे राहिले होते. तेवढ्यात टेबल किंचित थरथरले आणि खिडकीची तावदाने वाजली. चिखलदरा, मेळघाटातील गावे आणि आमचे परतवाडा या पट्ट्यात त्या दिवशी ४.२ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का जाणवला. मोठी हानी झाली नाही. पण त्या संध्याकाळी ‘जरा बीपी पाहून द्या’ म्हणत येणाऱ्या ज्येष्ठांची रांग नेहमीपेक्षा लांब होती. दंडाला पट्टा बांधत असतानाच एका आजोबांनी मला विचारले, “डॉक्टरबाई, आपल्या इकडं बी किल्लारीवानी होईन काय?”

तारीख तीच होती. एकतीस वर्षांपूर्वी ३० सप्टेंबरलाच किल्लारीचा भूकंप झाला होता.

आजोबांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. भूकंप केव्हा होईल हे आजतरी कोणतेही शास्त्र तारीखवार सांगू शकत नाही. मात्र त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : तसे झालेच, तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राजवळ आहे. त्याचा काही भाग मी किल्लारीच्या भूकंपक्षेत्रात एका वृद्ध परिचारिकेकडून शिकले. आज तेच आपल्याला सांगणार आहे.

सहाव्या दिवसापासून कोण?

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, जगाच्या हिशेबाने फार मोठी नव्हे. परंतु मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६ हजार जखमी झाली.

मी तेव्हा एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप करीत होते. विदर्भातून निघालेल्या एका वैद्यकीय मदत पथकात मला जागा मिळाली. या पथकामागे एका चर्चची मंडळी उभी होती. ख्रिस्ती बांधव आपल्या उपासक समुदायाला ‘मंडळी’ असे म्हणतात; हा शब्द मला तेव्हा प्रथम कळला. गुरुवारी सकाळी आकाशवाणीवर बातमी आली आणि शुक्रवारी रात्री आमची मेटाडोर निघाली. एवढ्या वेळात चर्चच्या सभागृहात स्त्रियांनी सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या होत्या. सलाइन, प्लास्टर, धनुर्वाताची इंजेक्शने यांची खोकी बांधून त्यांवर ठळक मराठीत नावे लिहिली होती.

निघताना तेथील पाळकांनी आमच्या प्रमुख डॉक्टरांना विचारले, “आपण किती दिवस राहणार?”

“पाच दिवस. पुढे परीक्षा आहेत, नेमणुका आहेत.”

पाळकांनी मान हलवली आणि हातातल्या वहीकडे पाहत म्हणाले, “मग सहाव्या दिवसापासून कोण, ते आम्ही पाहतो.”

त्या वाक्याचे वजन मला त्या रात्री कळले नाही. मंडळीतील ज्या स्त्रिया मिशन रुग्णालयांतून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या किंवा रजा काढू शकत होत्या, त्यांच्या दोघी-दोघींच्या पाळ्या त्यांनी थेट नाताळपर्यंत लावून ठेवल्या होत्या. पहिल्या पाळीतील एक सिस्टर आमच्याबरोबरच गाडीत होत्या. वय साठीच्या पुढे, पांढरे सुती पातळ, मांडीवर एक जाड वही.

शनिवारी आम्ही सास्तूरच्या परिसरात पोहोचलो. पाऊस लागला होता. ताडपत्रीखाली आमचे केंद्र सुरू झाले आणि दुपारपर्यंत माझे हात जखमा धुण्यात आणि बांधण्यात गुंतून गेले. त्या गर्दीत एका मुलीने आपल्या वडिलांना खाटेवर घालून आणले. वय सत्तरीचे. कपाळावर एक खोक, बाकी अंगावर जखम नव्हती. बायको आणि नातू दोघेही गेले होते. ते हाकेला धड उत्तर देत नव्हते; मध्येच काहीतरी पुटपुटत होते. मी नाडी पाहिली, छाती तपासली, खोक बांधली आणि कार्डावर लिहिले : ‘मानसिक धक्का. विश्रांती.’ अंगाला दरदरून घाम होता. तो मी ताडपत्रीखालच्या उकाड्याचा मानला.

सिस्टरांनी ते कार्ड वाचले. त्या खाटेजवळ खाली बसल्या आणि मुलीला तीन गोष्टी विचारल्या. बाबांनी शेवटचे कधी खाल्ले? त्यांना रोजची कोणती गोळी असते? आणि लघवी कधी झाली?

बाबांनी दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नव्हता. रोजची गोळी साखरेची, म्हणजे मधुमेहाची होती. मुलगी मोठ्या विश्वासाने म्हणाली, “गोळी मातर एक बी चुकू दिली न्हाई.” कोपरीच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली होती; घर गेले, माणसे गेली, तरी त्या लेकीने बापाचे औषध सांभाळले होते.

पोटात अन्न नाही आणि रक्तातील साखर उतरवणारी गोळी मात्र वेळेवर! साखर पार खाली गेली होती. ग्लुकोमीटर जवळ नव्हता. साखर उतरल्याची शंका असेल तर तपासणीची वाट न पाहता आधी साखर द्यावी, हा नियम सिस्टरांना पाठ होता. मी तो पुस्तकात वाचलेला होता. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत बाबांनी डोळे उघडले. उघडताच त्यांनी बायकोला हाक मारली. जे घडले ते त्यांना पुन्हा एकदा सांगावे लागले. ते त्यांच्या मुलीने सांगितले. मी बाजूला उभी होते.

मला वाटले, काम झाले. मी पुढच्या रुग्णाकडे वळले. सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, ही गोळी दिवसभर काम करते. साखर पुन्हा उतरेल. रात्री यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवे.” आणि त्या स्वतः बसल्या. ठरावीक वेळाने पेज, साखरेचे पाणी, पुन्हा पेज. पहाटेच्या सुमारास बाबा खरोखरच पुन्हा ग्लानीत गेले आणि पुन्हा शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. हे मला सकाळी कळले. मी झोपले होते.

त्या दिवशीची चूक माझी होती. शोक समोर दिसत होता, म्हणून मी शोकाच्या आड काय आहे ते पाहिले नाही.

भूकंप थांबल्यानंतरचे मृत्यू

पुढे वाचन वाढले तसे लक्षात आले, की ही एका खाटेपुरती गोष्ट नव्हती. भूकंपाचे वैद्यक दोन भागांत विभागलेले असते. पहिला भाग तासांचा आणि थोड्या दिवसांचा : ढिगाऱ्याखालून सुटका, रक्तस्राव, मोडलेली हाडे. दुसरा भाग आठवड्यांचा आणि महिन्यांचा, आणि त्यात सर्वाधिक बळी वृद्धांचा जातो.

पहिल्या भागातलीही एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावी. हात किंवा पाय बराच वेळ ढिगाऱ्याखाली दाबला गेला, तर स्नायू चिरडून त्यांतील घातक द्रव्ये साठतात. अवयव मोकळा होताच ती रक्तात शिरतात. हृदयाची लय बिघडू शकते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर अशा मूत्रपिंडविकाराच्या ६३९ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस करावे लागले. म्हणून शक्य असेल तेथे सुटका होण्यापूर्वीच सलाइन सुरू करतात. सुटलेला माणूस बोलतो-चालतो आहे म्हणून त्याला घरी नेऊ नये. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली तर तासाचाही विलंब नको.

आता दुसरा भाग. १७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. तेथे हृदयविकाराने अकस्मात होणारे मृत्यू आधीच्या दिवसांत सरासरी पाचाहून कमी होते. त्या एका दिवशी ते २४ झाले. अंगावर वीटसुद्धा न पडलेली माणसे भीतीने आणि धावपळीने गेली. बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे हादरले. तेथील डॉक्टरांना रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णांचा दाब पुढील काही आठवडे चढलेला आढळला.

जपान्यांनी या उशिराच्या मृत्यूंची वेगळी नोंद ठेवण्याची शिस्त लावून घेतली. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी यांतून जिवंत बचावलेली, पण नंतर निवाऱ्यांतील हालांमुळे, थंडीमुळे, औषधे तुटल्यामुळे आणि वारंवार जागा बदलल्यामुळे दगावलेली अशी ३,७०० हून अधिक माणसे तेथे नोंदली गेली. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ जण ६६ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. २०१६ मध्ये कुमामोतो येथे भूकंपाने प्रत्यक्ष ५० माणसे गेली. नंतरच्या हालांनी २०० हून अधिक गेली.

हे का होते? कारणे अगदी घरगुती आहेत. रक्तदाबाची गोळी ढिगाऱ्यात राहते. चष्मा, कवळी, काठी, श्रवणयंत्र हरवते. मग म्हातारा माणूस जेवत नाही, चालत नाही, काय सांगितले ते ऐकू येत नाही. शौचालय दूर, अंधारात आणि चिखलात असते, म्हणून आजी पाणी पिणेच कमी करतात; त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी आटणे, पायांत रक्ताच्या गुठळ्या. पडल्यानंतर दुखणारा खुबा ‘मुका मार’ म्हणून चोळला जातो, प्रत्यक्षात आत हाड मोडलेले असते. आणि म्हातारी माणसे मागत नाहीत. मदतीच्या रांगेत तरुण पुढे असतात. ‘आधी लेकरांचे पाहा’ असे म्हणून आजोबा मागे बसून राहतात.

मनाचेही तसेच. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने तेथील लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. आपण ज्यांना अभिनेते म्हणून ओळखतो, ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे या कामात अग्रभागी होते. अशा आपत्तीनंतर झोप उडणे, दचकणे, पुन्हा छपराखाली झोपायला घाबरणे ही काही काळ स्वाभाविक प्रतिक्रिया असते. ती वेड नव्हे. महिना उलटला तरी माणूस जेवत नसेल, बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर मात्र उपचार हवेत. आणि प्रत्येक गप्प वृद्ध हा शोकानेच गप्प असतो असे मानू नये, हे मी वर माझ्या चुकीतून सांगितलेच आहे.

मंडळीचे बळ कशात असते?

आपत्तीत डॉक्टर कमी पडतात असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या आठवड्यात बहुधा तसे नसते. किल्लारीत शासन, लष्कर, असंख्य संस्था आणि व्यक्ती धावून आल्या. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये उभी राहिलेली ‘चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अॅक्शन’ म्हणजे ‘कासा’, तसेच कॅथलिक चर्चची ‘कॅरिटास इंडिया’ यांनी मदत आणि पुनर्वसनात वाटा उचलला. कमतरता पडते ती सहाव्या दिवसापासून, वर्तमानपत्रातील बातमी आतल्या पानावर गेल्यानंतर.

येथे चर्चसारख्या संस्थेजवळ एक गोष्ट तयार असते : दर रविवारी न बोलावता जमणारी माणसे. कुणाच्या घरी कोण आजारी, कोण एकटे, हे त्यांना ठाऊक असते. पाळी लावली तर माणूस येतो. ही ठेव काही एका धर्माची नाही. आपल्या गावातील भजनी मंडळ, मशिदीची जमात, बुद्धविहारातील उपासक, गुरुद्वाऱ्याचा लंगर, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट या सर्वांजवळ ती असते. ती आधीच वळवून ठेवलेली नसते, एवढेच.

आमच्या परतवाड्याजवळ कोठारा येथे ‘द लेप्रसी मिशन’चे रुग्णालय आहे. या भागातील कित्येक कुटुंबांना ते परिचित आहे. याच मिशनचे नेपाळमधील आनंदबन रुग्णालय काठमांडूच्या दक्षिणेस डोंगरात आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात महाभूकंप झाला, तेव्हा त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या इमारतींचेही नुकसान झाले. तरीही कुष्ठरुग्णांसाठीचे ते रुग्णालय भूकंपातील जखमींवर उपचार करू लागले. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे आणि लुळे पडलेले पाऊल शस्त्रक्रियेने सुधारणारे शल्यचिकित्सक, महिनोन्महिने व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, जखमेची मलमपट्टी कंटाळा न करता रोज बदलणाऱ्या परिचारिका, हे सारे तेथे आधीपासून होते. मोडलेल्या माणसांना नेमके हेच लागते. ज्यांनी दीर्घकाळ शुश्रूषा केली आहे, ते आपत्तीत आपोआप उपयोगी पडतात. घरात वर्षानुवर्षे अर्धांगवायूच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या सुना-मुलींनो आणि मुलांनो, हे आपल्यालाही लागू आहे.

धर्मसंस्थेने मदत करावी म्हटले की एक शंका हमखास निघते : त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू असेल तर? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही लेखी आहे. रेडक्रॉस आणि आपत्ती-निवारण करणाऱ्या संस्थांनी १९९४ मध्ये एक आचारसंहिता स्वीकारली. मदत गरजेनुसार द्यावी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व पाहू नये आणि मदतीचा वापर राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये, असे ती सांगते. ही संहिता घडवणाऱ्यांत जागतिक चर्च परिषद आणि कॅरिटासची आंतरराष्ट्रीय संघटना याही होत्या. सास्तूरच्या ताडपत्रीखाली सिस्टरांनी रुग्णांना तीनच प्रश्न विचारले. चौथा प्रश्न त्यांच्या वहीत नव्हता.

मदत देणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. आपल्या घरात उरलेल्या औषधांच्या पट्ट्या पेटीत भरून पाठवू नयेत. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तेथे गेले. ते नुसते निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले. पुष्कळशी औषधे गैरलागू होती, अनेकांवरील नावे तेथील लोकांना वाचता येत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याआधी जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने अशी तत्त्वे तयार केलेली होती. सार एवढेच : तेथील डॉक्टरांनी मागितले तेवढेच द्यावे, मुदत संपायला किमान वर्ष असावे, आणि शक्य तेथे वस्तूंऐवजी पैसे किंवा आपला वेळ द्यावा. सतरंज्या सगळेच पाठवतात. चष्म्याचे नंबर लिहून घेणारा, कवळीसाठी दंतवैद्याकडे नेणारा, शौचालयापर्यंत हात धरून नेणारा माणूस क्वचितच कुणी पाठवतो.

घरातील वही

आता आजच करण्याजोगे काम. जपानमध्ये रुग्णाजवळ औषधांची छोटी वही ठेवण्याची पद्धत आहे. २०११ च्या आपत्तीत दवाखाने आणि कागदपत्रे वाहून गेली, तेव्हा ज्यांच्याजवळ ती वही होती त्यांना अनोळखी डॉक्टरही नेमके औषध देऊ शकले. आपल्या घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी अशी एक वही करावी. चाळीस पानी पुरे.

पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, घरातील दोघांचे आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचे दूरध्वनी क्रमांक. दुसऱ्या पानावर आजार आणि झालेल्या शस्त्रक्रिया. तिसऱ्या पानावर सध्याची औषधे : गोळीचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ. ‘पांढरी छोटी गोळी’ असे लिहू नये. चौथ्या पानावर कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते. मोठ्या माणसांनाही दर दहा वर्षांनी ही लस लागते. हल्ली ती धनुर्वात आणि घटसर्प यांची एकत्रित ‘टीडी’ लस म्हणून मिळते. पाचव्या पानावर चष्म्याचा नंबर, कवळी, श्रवणयंत्र यांची नोंद. औषध बदलले की पान बदलावे. त्याचे छायाचित्र मुलाच्या वा नातीच्या मोबाइलमध्ये असावे.

या वहीबरोबर एका कापडी पिशवीत किमान आठवड्याची औषधे, जुना का होईना पण नंबरचा चष्मा, विजेरी, शिट्टी, साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली ठेवावी. पिशवी पलंगाच्या उशाशी अडकवावी, कपाटावर नको. औषधे मुदतीप्रमाणे फिरवत राहावीत.

मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी पुढील गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण घेतले नाही, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. त्यासाठी भूकंप लागत नाही. उपवास, जुलाब, घरातील मृत्यू पुरतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, चिडचिड, गुंगी ही लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. गोळीमुळे साखर उतरलेला वृद्ध बरा वाटू लागला तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे आणि ती रात्र त्याला एकटे सोडू नये. ‘जेवण झाले नाही तर कोणती गोळी द्यायची आणि कोणती नाही’ हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून वहीत लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. रक्तदाब, हृदयविकार, फिट आणि स्टेरॉइड यांची औषधेही एकदम थांबवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना तसे सांगावे.

धक्का बसतो त्या क्षणी चपळाईने पळता न येणाऱ्यांनी पळू नये. पलंगावर असाल तर तेथेच उशीने डोके झाकावे. खुर्चीवर असाल तर पुढे वाकून मान आणि डोके हातांनी झाकावे. चाकाची खुर्ची असेल तर आधी चाके अडकवावीत. पडल्यावर पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले आणि पाय आखूड दिसत असेल तर चोळू नये, चालवू नये.

त्या सिस्टर आज हयात नाहीत. पाच दिवसांनी आमचे पथक परतले, तेव्हा त्यांच्या वहीत सत्तेचाळीस वृद्धांची नावे होती. ती वही पुढच्या पाळीतील परिचारिकांच्या हाती जाणार होती. बाबांच्या नावापुढे लिहिले होते : ‘साखरेची गोळी बंद. भूक लागू लागली. रात्री बोलायला कुणी लागते.’ माझ्या कार्डावर यांतले काहीच नव्हते.

परतवाड्याच्या ज्या आजोबांनी किल्लारीचा प्रश्न विचारला होता, त्यांना मी त्या संध्याकाळी वहीबद्दल सांगितले. पुढच्या वेळी ते नातीच्या सुवाच्य अक्षरातली वही घेऊन आले. औषधांच्या पानावर एका गोळीचे नाव चुकले होते, ते आम्ही दुरुस्त केले. मग मी त्यांना विचारले, “तुमच्या गल्लीत एकटे राहणारे कोण आहे?” त्यांनी दोन नावे सांगितली. त्या दोघांच्या वह्या करायचे काम आता त्यांच्याकडे आहे.

आपल्याही गल्लीत अशी दोन नावे असतील.